गिराणाच्या दिवशी गेलेला पट्टा

ऐका, मधी कुणी बोलायचं न्हाय. ऐंशी सालचं हाय हे. ते मोठं सूर्यगिराण लागलं, भर दुपारी अंधारलं, रस्त्यावर कुत्रंबी न्हवतं, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट.

बेळगावात शहापुरात साडीच्या दुकानावर जयाबाईची खोली. बाहेर पाटी: ‘खाजगी तपास’. आधी शाळेत गणित शिकवायची. पोरांच्या चोऱ्या पकडता पकडता मोठ्यांच्या पकडाय लागली. तिच्यासंगं ज्योतिबा. स्कूटर त्याची, भूक त्याची, आणि उत्तर सगळ्यात शेवटी कळणारबी त्यालाच.

सकाळी निपाणीसनं डॉक्टर वासंतीबाईंचा फोन आला. “जयाबाई, आत्ता निघा. माझ्या प्रसूतिगृहातनं यंत्राचा पट्टा चोरीला गेलाय. पोलीस पंचनामा करत बसतील, आणि मला पट्टा आज पाहिजे. एका बाळाचा प्रश्न आहे.”

झालं! स्कूटर निघाली.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर कट्ट्यावर एक म्हातारी रस्त्याकडं डोळं लावून बसलेली. जयाबाई उतरल्या उतरल्या तिनं विचारलं, “कुठल्या गं तुमी? कोण माणसं?”

“जन्म हितलाच, खालच्या वस्तीतला. आता शहापुरात असते.”

म्हातारीचं तोंड एकदम फुललं. अर्धी उठलीच. “काय मागाय आलासा?”

“मागाय न्हाय मावशी, विचाराय आलोय.”

म्हातारी परत खाली बसली. ज्योतिबा तवर कडुलिंबाखाली पालथ्या घातलेल्या वेताच्या बुट्टीवर टेकाय निघालेला.

“शिवू नगंस!” म्हातारी वरडली. “खाली कोंबडी बसलीया अंड्यावर!”

“आक्का,” ज्योतिबा जयाबाईच्या कानात पुटपुटला, “हितं बसाय गेलं तरी बोलणीच.”

आत डॉक्टरबाई वाटच बघत हुत्या. त्यांनी यंत्र दाखवलं. पेटीएवढं, वर कागदाची गुंडाळी, कागदावर एक लेखणी.

“पोटावर पट्टा बांधायचा. पट्ट्यात एक बटण असतं. पोट कडक झालं की बटण दबतं आणि लेखणी कागदावर डोंगर काढते. डोंगर ओळीनं यायला लागले की समजायचं, बाळ वेळेआधी निघालंय.”

“आणि न्हाय आले तर?” ज्योतिबानं विचारलं.

“तर नुसता गॅस.” डॉक्टरबाईंनी खाटेकडं बघितलं. खिडकीजवळच्या खाटेवर हिरवं नवं लुगडं नेसलेली एक पोरगी हुती, बेबी. “हिची दोन बाळं सातव्या महिन्यात गेली. हा तिसरा सातवा. सकाळपासनं कंबर दुखतेय म्हणते. हातानं चाचपून माझी खात्री होत नाही. कळा थांबवायचं इंजेक्शन आहे, पण त्यानं काळीज लई धडधडतं आणि हिचं काळीज आधीच नाजूक. उगाच देता येत नाही, आणि उशीर झाला तर उपयोग नाही.”

“पट्टा शेवटी कुणी बघितला?”

“मीच बांधला काल, गिराणात. तिची सासू नको नको म्हणत होती. नेमका अंधार दाटला आणि लेखणीनं एक डोंगर काढला! एकच. म्हातारीनं किंकाळी फोडली. गिराण सुटल्यावर बेबी आंघोळीला गेली, पट्टा सोडून खाटेवर ठेवला. मी तेव्हा दुसरं बाळंतपण करत होते. आल्यावर बघते तर पट्टा नाही, बटण नाही.”

जयाबाई पेटीवर वाकली. पेटीला वायरचं एक टोक तसंच हुतं. दुसऱ्या टोकाला, जिथं बटण लागायचं, तिथलं दोन बारकं स्क्रू सोडवून परत वायरीला अडकवून ठेवलेलं. स्क्रूच्या खाचा खरवडून निघालेल्या. शेजारी ट्रेमधी फडक्यात गुंडाळलेली कात्री.

“ही कात्री कुणी गुंडाळली?”

“सासूनंच. गिराणाआधी. पोटुशा बाईपुढं पातं उघडं नको म्हणून.”

“बघा की आक्का,” ज्योतिबा म्हणाला, “कात्री हाताशी असून चोर स्क्रू काढत बसला. येडं की काय!”

जयाबाई नुसतं “हं” म्हणाली.

आधी आला रघुवीर. कंपनीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशात पेनासंगं स्क्रूड्रायव्हर.

“मी का चोरू? यंत्र आमचंच, ट्रायलवर दिलंय. बेळगावच्या दवाखान्याला पाहिजे म्हणून न्यायला आलो, तर बाई म्हणाल्या बेबी सुटल्यावर न्या.”

“म्हंजे पट्टा हरवला तर यंत्र इथं निकामी. तुमाला न्यायला मोकळं.”

“अहो, पट्टा नसला तर बेळगावलाबी निकामीच की! आणि गिराणात मी स्टोअरमधी ब्लँकेट घेऊन बसलेलो. माझ्या आईनं शपथ घातलेली.”

“शिकलेला गडी आणि ब्लँकेटात!” ज्योतिबा हसला.

“तू कुठं होतास मग?”

“मी पलंगाखाली,” ज्योतिबा म्हणाला.

मग भीमाप्पा, कंपाउंडर. रागानं लालबुंद. “विचारा, विचारा! सकाळपासनं सगळी माझंच नाव घेत्यात. गिराणात बाहीर मी एकटाच हुतो न्हवं! आमी बौद्ध माणसं, गिराण पाळत न्हाय. अंगणात उभा राहून एक्स-रेच्या फिल्ममधनं बघितलं, पेरू कापला आणि मीठ लावून खाल्ला.”

“गिराणात कापला?”

“व्हय! मुद्दाम! म्हातारी खिडकीतनं शिव्या देत हुती.”

जयाबाईच्या ओठांवर हसू आलं. मग ती बेबीजवळ बसली. “आंघोळीआधीचं लुगडं कुठं हाय गं?”

“आत्या, म्हंजे सासूबाई, घिऊन गेल्या, बाई. वाळतबी न्हाय घातलेलं.”

“चादर?”

“ती हाय की दोरीवर. उशीचा अभ्राबी.”

बेबीनं एकदम ओठ चावला, कंबरंवर हात गेला. डॉक्टरबाई पुढं सरकल्या. “परत?”

“व्हय. मगासारखंच.” पोरगीच्या डोळ्यांत पाणी आलं. “बाई, ह्योबी जातोय का वो?”

जयाबाई उठली. “सगळ्यांना हितं बोलवा. अक्काताईंनाबी. लौकर.”

अक्काताई म्हंजे तीच कट्ट्यावरची म्हातारी, बेबीची सासू. दारातच उभी राहिली, नजर तरी रस्त्याकडंच.

“चोरानं काय नेलं ते बघा,” जयाबाई बोलाय लागली. “महागाची पेटी न्हाय नेली. दोन आण्याचा कापडी पट्टा नेला, बटण नेलं. आणि बेबीचं जुनं लुगडंबी गायब हाय, पण चादर, अभ्रा दोरीवर. लुगडं, पट्टा, बटण. गिराणात बेबीच्या अंगावर हुतं तेवढंच गेलं.”

“अगं बाई,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“आता कुणी? रघुवीरच्या खिशात स्क्रूड्रायव्हर हाय. त्यानं काढलं असतं तर खाचा खरवडल्या नसत्या. हे स्क्रू नाण्यानं काढलेत, लई झटून. भीमाप्पा? हेनी गिराणात पेरू कापला. कात्री शेजारी असताना वायर कापायला हेना काय भ्या हुतं? कचकन कापून मोकळा झाला असता. कात्री असून स्क्रूशी कोण झुंजलं? जिला वाटतं गिराणाचा दिवस मावळंपतोर पोटुशीजवळ काय कापू नये. पोराचा ओठ तुटंल.”

सगळी म्हातारीकडं वळली. अक्काताई भिताडाला टेकली.

“पोटाला लावलेली दोरी कशी कापू वो?” ती हळूच म्हणाली. “डोळ्यानं बघितलं मी. अंधार झाला आणि लेखणी उडाली. गिराण पट्ट्यात उतरलं. दोन गेली माझ्या पोरीची. तिसरं जाऊ दिऊ?”

“आणि अंगावरचं दान करायचं, म्हंजे गिराण सुटतं,” जयाबाई म्हणाली. “गठुडं बांधून तुमी कट्ट्यावर बसलासा. पण घ्यायला कुणी आलंच न्हाय.”

“कालपासनं बसलोय,” अक्काताई रडाय लागली. “आमच्या लहानपणी गिराण सुटायच्या आत हाळी यायची, ‘दे दान, सुटे गिराण!’ वस्तीतली माणसं दारोदार यायची. आता एकबी येईना!”

“येणार न्हाईत. माझी आजीच यायची, म्हातारे. धम्म घेतला त्या वर्षी तिनं मागायची बुट्टी चुलीत घातली. तुमाला कुणी सांगितलंच न्हाय.” जयाबाईनं बाहीर कट्ट्याकडं बोट केलं. “म्हणून मला बघून तुमी उठला. वस्तीतली म्हणल्यावर. आणि दान झाल्याबगार गठुडं घरात आणता येईना, टाकता येईना. बाहीरच ठेवायचं.”

“कोंबडी!” ज्योतिबा वरडला. “आक्का, बुट्टीखाली कोंबडी न्हाईच!”

“कळलं एकदाचं. बाळंतिणीच्या दवाखान्यात कोंबडी कोण उबवाय बसवंल?”

भीमाप्पा पळतच कडुलिंबाकडं गेला, मागनं सगळी. पण म्हातारी त्याच्या आधी बुट्टीवर आडवी पडली. “हिसकून घेतलं तर गिराण पोरावर उलटंल! मागून न्यायला पायजे! जयाबाई, तुमी मागा की. एकदाच. तुमच्या पाया पडतो.”

सगळी जयाबाईकडं बघाय लागली. तिचं तोंड ताठ झालं.

“न्हाय. आजीनं जी हाळी सोडली, ती मी तोंडात घेणार न्हाय. तुमच्या नातवासाठीबी न्हाय. आणि भीमाप्पाबी घेणार न्हाय.”

 डॉक्टरबाई हात चोळत उभ्या. 

तेवढ्यात खिडकीचं दार वाजलं. बेबीनं पडल्या पडल्या गजांतनं पदर बाहीर पसरलेला.

“आत्या, हिकडं द्या. दे दान, सुटे गिराण.”

“तू? अगं तू घरची सून! घरच्या माणसाला दान चालतं व्हय?”

“मी कुठं मागतोय?” बेबी म्हणाली. तिला परत कळ आलेली, दात आवळून बोलत हुती. “ह्यो आतला मागतोय. ह्याला अजून कुठलं घर हाय?”

म्हातारी बुट्टीवरनं उठली.  बुट्टी उचलली. लुगड्याच्या गठुड्यातनं पट्टा काढून कपाळाला लावला आणि खिडकीशी जाऊन दोन्ही हातांनी सुनेच्या पदरात टाकला. “घे बाबा,” म्हणाली. “घे आणि गप ऱ्हा.”

रघुवीरनं स्क्रू बसवलं. पट्टा बांधला. लेखणी सरळ चालली, आणि मग चढली. उतरली. थोड्या वेळानं परत चढली. ओळीनं डोंगर!

“कळाच आहेत,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि सुई भरली. “अजून उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.”

अक्काताई पेटीपुढं मांडी घालून बसली. ज्या लेखणीला भ्याली हुती, तिच्यावरनं नजर हालवंना. डोंगर बारकं झालं. मग उंचवटा. मग बांधाएवढं. मग रेघ. सरळ रेघ.

“आता काय म्हणतंय ते?” म्हातारीनं विचारलं.

“झोपलंय,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

म्हातारीनं वळून सगळ्यांकडं डोळं वटारलं. “मग आरडताय कशाला? हळू बोला की!”