बिरूची किल्ली

लाइट बारा वाजता यील. तवर मोटर काय चालायची न्हाई अन् तुम्ही काय झोपायचे न्हाईत, म्हणून सांगतो. पर मधी बोलायचं न्हाई. मोबाईल खिशात घाला. अन् बांधावर कोणाला काही दिसलंच, तर ते म्हसरू हाय असं धरून चालायचं.

माझा साडू कचरू तुम्हाला ठाऊक हाय. बदनापूरला त्याचं गॅरेज. माणूस खोटं बोलतो, न्हाई असं न्हाई, पर गिऱ्हाइकाशी. माझ्याशी न्हाई. हे सांगताना त्याच्या हातातला चहा बशीत सांडलेला मी बघितलाय, म्हणून मी खरं धरतो.

दोन हजार आठ साल. डिसेंबरची अकरा तारीख, गुरुवार. दिवस मावळताना कचरू धुळाजीची जीप पोचवायला निघाला. धुळाजीची वस्ती अंबडच्या पुढं, सहा कोसांवर. वस्तीला गाडी म्हणून तेवढी एकच, अन् तिचा कंप्युटर गेल्ता. हसू नका. नव्या गाड्यांना तवा कंप्युटर आल्ता, चपटा पत्र्याचा डबा. डिझेल कवा सोडायचं, किती सोडायचं, सारं तो ठरवतो. तो बिघडला की ड्रायव्हरनं नुसतं स्टेरिंग धरून बसायचं, रुसलेल्या जावयावानी.

नवा डबा यायला पंधरा दिवस लागणार होते. अन् इकडं धुळाजीची लेक शिवकन्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आल्ते. दोन सालांखाली तिची थोरली बहीण वस्तीवरच अडली. तवा धुळाजीकडं गाडी नव्हती, रातची दुसरी कोणाची मिळाली न्हाई. पोरगी गेली, पोटातलं लेकरू गेलं. त्याच्यानंतरच त्यानं ही जीप घेतल्ती. म्हणून धुळाजी कचरूच्या पायाशी बसला. म्हणला, कसंबी कर, पर माझी गाडी उभी ठिवू नको.

कचरू जालन्याच्या भंगारात गेला. तिथं तसलीच जीप होती, म्होरून चेपलेली. श्रावणात ट्रकखाली गेल्ती. तिचा ड्रायव्हर बिरू म्हणून, पंचविशीतला, अंबडच्या अलीकडं बोरीच्या फाट्यावर राह्यचा. घर दोनशे पावलांवर राह्यलं अन् गेला. भंगारवाल्यानंच सांगितलं.

कचरूनं तिचा डबा काढला. आता असं हाय, त्या डब्याला त्याचीच किल्ली लागती. किल्लीच्या डोक्यात चिप असती. ती जवळ असल्याबिगर डबा इंजिन चालूच होऊ देत न्हाई, गाडी चोरीला जाऊ नये म्हणून. तर कचरूनं बिरूची किल्लीबी घेतली. तिला काळ्या लोकरीचा दोरा अन् एक घुंगरू, त्याच्या आईनं बांधलेलं. ती किल्ली दोऱ्यासकट टेपमधी गुंडाळून त्यानं धुळाजीच्या स्टेरिंगखालच्या कव्हरात पक्की बसवली, वरून चार स्क्रू मारले. तरी कव्हराला हात मारला की आत घुंगरू वाजायचं. म्हंजे धुळाजीनं आपली किल्ली फिरवायची अन् डब्याला वाटायचं, बिरूच आलाय.

आता त्याची चूक ऐका. कचरूच्या उस्तादाची शिकवण होती. अपघाती गाडीचं काही काढलं तर मेलेल्याचं नाव घ्यायचं, चाकावर तांब्याभर पाणी ओतायचं अन् म्हणायचं, बाबा, तुझी खेप झाली, आता ही आमची. बस, एवढंच. खर्चा काही न्हाई. पर भंगारवाला फाटक लावून राह्यलता, जल्दी करा म्हणत होता. कचरूनं पाणी ओतलं न्हाई. अन् डबा कोणाचा, ते धुळाजीलाबी सांगितलं न्हाई.

वस्तीकडं जाताना बोरीच्या फाट्यावर जीपनं एक गचका दिला. कचरूला वाटलं, डिझेलमधी कचरा असंल. पोचल्यावर धुळाजीनं जेवाय बसवलं, मुक्काम कर म्हणला. राह्यला.

रातच्या एक वाजून वीस मिनिटांनी शिवकन्येला कळा सुरू झाल्या.

मागं शिवकन्या अन् तिची आई चांगुणाबाई. म्होरं धुळाजी, शेजारी कचरू. चांदणं असं टिपूर की कापसाची बोंडं मोजावीत. अंबडला दवाखान्यात बघितलं अन् म्हणले, मूल आडवं हाय, थांबू नका, जालन्याला न्या. गाडी बराबर पळत होती. कचरूला अंमळ बरं वाटलं.

बोरीचा फाटा आला. अन् गाडी बंद.

धक्का न्हाई. आवाज न्हाई. नुसती बंद. म्होरं किल्लीचा लाल दिवा लुकलुक करायला लागला. त्याचा अर्थ एकच. डबा म्हणतो, माझी किल्ली इथं न्हाई.

कचरूनं खाली वाकून हात घातला. कव्हर गच्च. चारी स्क्रू जागच्या जागी. त्यानं कव्हराला हात मारला. आतलं घुंगरू... वाजलं न्हाई.

धुळाजी किल्ली फिरवतो, फिरवतो. काही न्हाई. दोघं उतरले, ढकलली. काही न्हाई. चांगुणाबाई म्हणली, "थोरली अशीच..." अन् पदर तोंडात धरला.

तवा शिवकन्या कण्हायची थांबली. लई शांत बोलली.

"आबा, जरा थांबा. तो भाऊ पाणी पिऊन यील."

"कोण भाऊ?"

"गाडीवाला. आत्ता उतरला न्हाई का..."



फाट्यावरनं शेतामधल्या पांदीनं आत एक घर होतं. तिथं कुत्रं भुंकून राह्यलतं. एकदम गप झालं. मंग दाराची कडी वाजली. लांब... पर ऐकू आली.

कचरूला उस्तादाचं बोलणं आठवलं. बाटली घेऊन चाकापाशी बसला. पाणी ओतलं. "बिरू," म्हणला, "बाबा, तुझी खेप..."

अन् थांबला. झाली, असं कसं म्हणायचं? झालीच नव्हती. दोनशे पावलं राह्यली होती.

मंग म्हणला, "बिरू, लेक अडलीय रं. एवढी एक खेप कर."

काही न्हाई.

काही न्हाई...

मंग पांदीत चपला वाजल्या. वाळल्या पाल्यावर. घाईत. जवळ येत होत्या. एवढं चांदणं, अन् कोणी न्हाई. पाऊल ऐकू येतंय... कोणी न्हाई.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं होतं. ते लागलं. हळू.

धुळाजी बाहेर उभा. किल्ली त्याच्या मुठीत.

गाडी चालू झाली.

लेकीसाठी बाप चढला. दुसरा कोणी चढला नसता. सीट गरम होतं, म्हणतो. जालन्यापर्यंत हात स्टेरिंगवर माझे, पर वळवत मी नव्हतो, म्हणतो. तीनच्या आत पोचले. ऑपरेशन झालं. लेक झाली, दोघी सुखरूप. डॉक्टरीणबाई म्हणली, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं.

सकाळी कचरूनं ठरवलं, ती किल्ली आईला देऊन टाकायची. दवाखान्याच्या आवारात चारी स्क्रू खोलले. टेप होती. गुंडाळलेली, जशीच्या तशी, कुठं फाटली न्हाई. आत पोकळ.

तसाच एसटीनं बोरीच्या फाट्यावर गेला. पांदीतल्या घरी बिरूची आई गोपिकाबाई उंबऱ्यात बसलेली. यानं बिरूचं नाव काढलं, तर तीच म्हणली,

"रातीच आल्ता. तांब्याभर पाणी प्याला. बस म्हणलं, तर म्हणला, कोणाची लेक अडलीय आई, एक खेप करून येतो."

कचरूनं कसंबसं विचारलं, किल्ली...?

तिनं दाराआड बोट केलं. खुंटीला किल्ली लटकत होती. काळा दोरा, घुंगरू.

"घरी आला की तिथंच अडकवतो," म्हणली. मंग किल्लीकडं बघत राह्यली. "इसरून गेला बघ. मंग गाडी कशानं नेली रं त्यानं?"

ती जीप अजून चालती. कव्हरात मी स्वतः हात घालून बघितलंय. किल्ली न्हाई.