फोर-सिक्स, उतरा

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं सगळं थापा वाटेल. घरी कॉम्प्युटरवर विमान उडवणारे हौशी लोक पुष्कळ असतात. त्या खेळाला सिम्युलेटर म्हणतात. त्यात सगळं जग असतं, पण विमानतळ बहुतेक ठोकळेबाज. आम्ही काहीजण ते हुबेहूब बनवून देतो. टायरचे काळे डाग, कुंपणाचा गंज, एखादी तडकलेली काचसुद्धा. लोक ते इंटरनेटवरून डाउनलोड करतात आणि आपल्या खोलीत बसून तिथे विमान उतरवतात. बाबा याला मोठ्या माणसांची भातुकली म्हणत.

बाबा स्वतः विमानतळाच्या टॉवरमध्ये होते, वैमानिकांना रेडिओवरून सूचना देण्याच्या कामावर. त्यांचा तो लहानसा विमानतळ बंद पडून वीस वर्षं झाली, आता तिथे गोदामं आहेत. तोच मी बनवायला घेतला, त्यांच्यासाठी. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही स्मरणशक्ती अशी की विचारू नका.

"टॉवरच्या जिन्याला पायऱ्या किती होत्या, बाबा?"

"एक्केचाळीस. अडतिसावी हलायची. तेवढी हलव."

मात्र धावपट्टीच्या दिव्यांचा विषय निघाला की ते उठायचे आणि पाणी प्यायला जायचे. का, ते मला ठाऊक होतं. एकतीस वर्षांपूर्वी, धुक्याच्या एका संध्याकाळी, ते सगळे दिवे एकाएकी गेले होते आणि वर एक लहान विमान घिरट्या घालत होतं, रेडिओवरचं नाव फोर-सिक्स, आत वैमानिकासकट पाच जण. बाबांनी साहेबांकडे परवानगी मागितली, तळावरच्या गाड्या धावपट्टीच्या दोन्ही कडांना उभ्या करून हेडलाइट लावतो म्हणून. साहेब म्हणाले, "थांबा. दिवे येतील." बाबा थांबले. बावीस मिनिटं ते वैमानिकाशी बोलत राहिले. मग वरून उत्तर यायचं बंद झालं. ते विमान कधीच सापडलं नाही. ना एखादा पत्रा, ना माणूस.

चौकशीत बाबांवर ठपका आला नाही. पण त्यांनी पुन्हा माइक हातात धरला नाही. नोकरीची उरलेली वर्षं फायली लावण्यात घालवली.

काम पुरं झालं त्या रविवारी दुपारी चारला मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. बाहेर लख्ख ऊन होतं. पडद्यावर टॉवरच्या खिडकीतून दिसणारं दृश्य लावलं. बाबा पुढे वाकून बघत राहिले.

"अगं, तो कठडा... कसा गं जमला तुला?"

मी फुशारले. तेवढ्यात पडद्यावर, लांब कुंपणापाशी, पांढरट काहीतरी हललं. हवा मी स्वच्छ ठेवली होती. तरी धुकं आलं, जमिनीला चिकटून, सावकाश. आणि धावपट्टीचे दिवे त्या टोकापासून आमच्याकडे एकेक करून विझत आले. मी फाइल उघडून पाहिली. तिथे सगळे दिवे चालू होते.

खोलीत गारठा पसरला. ओल्या गवताचा वास, त्यात विमानाच्या इंधनाचा. माझ्या त्या विमानतळाला आवाज असा मी दिलाच नव्हता, तरी स्पीकर खरखरला.

"टॉवर... फोर-सिक्स बोलतोय. खाली काही दिसत नाही..."

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. मी स्पीकर बंद करायला हात नेला, तर त्यांनी मनगट धरलं.

"नको... तोच आहे."

"बाबा, कोणीतरी चेष्टा करतंय."

"त्याच्या आवाजाला मी बावीस मिनिटं कान लावून बसलो होतो, पोरी."

त्यांनी टेबलावरचा माइक उचलला. त्याची वायर टेबलाखाली लोंबकळत होती, कशालाच न जोडलेली.

"फोर-सिक्स, टॉवर. ऐकतोय. इंधन किती?"

खरखर वाढली. मग, "सात-आठ मिनिटं... फार वेळ फिरतोय आम्ही... फार वेळ..."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी जन्मात पाहिली नव्हती.

"गाड्या आहेत तुझ्याकडे?"

मला क्षणभर कळेना. मग लख्खकन कळलं. विमानतळ सजवायला लागतात तशा गाड्यांचे नमुने माझ्याकडे ढिगानं होते. जीप, सामानाचे ट्रॅक्टर, आगीचा बंब, प्रवाशांची बस. मी एकेक ओढून धावपट्टीच्या कडेला ठेवायला लागले. घाईत पहिली जीप उलटीच ठेवली.

"डाव्या कडेनं आधी. तोंड आतल्या बाजूला. पन्नास पावलं सोड... शाब्बास."

एकेक हेडलाइट धुक्यात पिवळा पेटत गेला. बाबा बोलत होते, शांतपणे, बाळाला झोपवतात त्या सुरात. "फोर-सिक्स, डावीकडे या. आणखी थोडं. घाई नाही."

"टॉवर... इंजिन अडखळतंय..."

"अडखळू दे. मी आहे."

शेवटचा बंब मी टोकाला टेकवला आणि ओरडले, "झालं, बाबा!"

"फोर-सिक्स, दोन्ही बाजूंना पिवळे दिवे. दिसले?"

काही नाही. बाबांची बोटं माइकवर पांढरी पडली होती.

"...दिसले! टॉवर, दिसले!"

"फोर-सिक्स, उतरा. धावपट्टी तुमची आहे."

आणि धुक्यातून ते आलं, लहानसं, एक पंख किंचित कलता. चाकं टेकली, उसळली, पुन्हा टेकली. गाड्यांच्या उजेडामधून धावत ते थेट प्रतीक्षालयाच्या इमारतीसमोर येऊन थांबलं. बाबा ताडकन उभे राहिले. गुडघेदुखीनं भिंत धरून चालणारा माणूस! दोन्ही मुठी वर करून ते ओरडले, "उतरवलं! अगं, उतरवलं मी!" मी त्यांना मिठी मारली. आम्ही दोघं हसत होतो, रडत होतो. शेजारीण दार वाजवून विचारून गेली की क्रिकेट आहे का आज.

पडद्यावरचं धुकं विरलं तेव्हा विमान तिथे नव्हतं. मागे दोन रांगांत गाड्या तेवढ्या उभ्या होत्या, दिवे लावून. मी त्या हलवल्या नाहीत. त्यांच्यासकटच विमानतळ लोकांना दिला.

बाबा आता पहाटे फिरायला जातात. जेवताना टॉवरमधले किस्से सांगतात, एकतीस वर्षांचे साठलेले. माझ्याच घरात मला नव्यानं बाप मिळाला, आणि त्याची बरोबरी मी कशाशीही करणार नाही.

आठवड्याभरानं दूरच्या कुठल्यातरी हौशी वैमानिकाचा निरोप आला. कौतुकाचाच होता. "अप्रतिम काम. प्रतीक्षालयातली माणसं तर किती खरी! एकच सांगा, त्यातला एक कुठूनही पाहिला तरी पाठमोराच का दिसतो?"

प्रतीक्षालयात मी माणसं ठेवलेलीच नाहीत. उघडून पाहिलं. खुर्च्यांवर माणसं बसली होती, मांडीवर सामान घेऊन. पाच नव्हे, सहा. त्या एकाला मी समोरून पाहिलं, बाजूनं पाहिलं, छतावरून पाहिलं. पाठच.

बाबांना दाखवलेलं नाही. मी मात्र रोज सकाळी एकदा उघडून बघते. तो जागचा हलत नाही. बाकीचे रोज एकेक खुर्ची त्याच्यापासून लांब सरकतायत.