अर्ध्या प्याल्यावरची साय

"तुझ्या म्हाताऱ्या सासऱ्याला दुपारी एकटं जेवू देऊ नकोस, पोरी," हालिदा सप्टेंबरातच म्हणाली होती. मार्झान तेव्हा सफरचंदांच्या पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. कडेवर दीड वर्षांची लेक, दुकानासमोर तालगारच्या रस्त्यावर गाड्यांची रांग. तिने नुसतं हं म्हटलं.

आता नोव्हेंबर होता आणि तळघरातून रोज आपोर्त जातीचं एक सफरचंद नाहीसं होत होतं. कुलूप शाबूत, पेंढा पुन्हा नीट पसरलेला. किल्ली स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्यावर असे, आणि घरात येणारं परकं माणूस एकच: बागेत कामाला असून तिथल्याच खोपटात एकटी राहणारी हालिदा. नवऱ्याने दूर आतिरावच्या तेलविहिरीवरून फोनवर निकाल देऊन टाकला, शनिवारपर्यंत तिला काढ. हिवाळ्याच्या तोंडावर ती जाणार कुठे, हे त्याने विचारलं नाही. मार्झानला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी तिने बगिला आपायला बोलावलं.

बगिला तीस वर्षं पोलिसात होती, आता लोकांच्या हरवल्या-चोरल्याचा खाजगी तपास करी. सोबत गाडी हाकणारा भाचा दाउरेन.

हालिदाने प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही. "तोंडात चार दात. चोरायचंच तर उन्हाळ्यात लिमोंकाची मऊ फळं चोरली असती. हे दगड कशाला चोरू?"

तळघरात बगिलाने ज्या पेटीतून फळं जात होती ती पाहिली. चिठ्ठीवर 'रेनेट', दुसऱ्याच जातीचं नाव, लिहिलं होतं.

"चूक माझीच," मार्झान ओशाळली. "घाईत चुकीची चिठ्ठी चिकटवली. आत सासूबाईंनी कलम केलेल्या जुन्या झाडाचं आपोर्त आहे."

"म्हणजे चोर चिठ्ठी वाचत नाही, वास घेतो. एखादा दिवस सुटला का?"

"लेक तापली ते तीन दिवस. मी घरीच होते, दुकान आणि किल्ली हालिदाकडे होती."

"चोराला दया आली असेल," दाउरेन म्हणाला.

बगिला वर आली. ती न्हाणीजवळ काल घासायची राहिलेल्या भांड्यांपाशी थांबली. "दुपारी घरात कोण असतं?"

"अता. माझे सासरे. लेक माझ्याबरोबर दुकानात असते." सासूबाई गेल्या त्याला मार्चमध्ये वर्ष होईल, आणि चोरीचं अतांना काही सांगितलेलं नाही, उगाच जिवाला घोर नको म्हणून, हेही तिने सांगितलं.

"मग प्याले दोन का?"

मार्झान ते रोज संध्याकाळी घासत होती. एकाच्या पोटात, बरोबर मध्यावर, चहाच्या सायीचं कडं वाळलेलं असे. नखाने खरवडावं लागे. तिने कधी विचारच केला नव्हता.

"तीन दिवस किल्ली हालिदाकडे होती, तरी एक फळ गेलं नाही," बगिला म्हणाली. "त्या दिवसांत वेगळं काय होतं? तू म्हाताऱ्यासोबत जेवलीस. आता हे बघ. आपल्याकडे एकटा माणूस दहा वेळा चहा घेईल, पण त्याच प्याल्यात. दुसरा प्याला दुसऱ्या माणसाचा. काठोकाठ भरला तर पाहुण्याने उठावं, अर्धा ओतला तर बसावं. हा अर्धा ओतलाय आणि तसाच निवलाय. ज्याने उठून जाऊ नये असं वाटतं, आणि जो पीत नाही, असा कोण येतो या घरी?"

दाउरेनने टोपी काढली.

ते आत गेले. अता चटईवर बसले होते. समोर दोन प्याले, पलीकडे रिकामी गादी, गादीपुढे एक आपोर्त. शेजारी सासूबाईंची कपड्यांची पेटी उघडी होती. त्यांच्या रुमालांमध्ये लाल फळं ओळीने ठेवलेली, खोलीभर त्यांचा वास.

"तिचं झाड आहे," अता मार्झानला म्हणाले, जणू तिनेच काही विचारलं होतं. "तिचा वाटा काढून ठेवतो. तुम्ही कामात असता."

मार्झान लेकीला घेऊन गादीशेजारी बसली. तिने किटली उचलली.

"अर्धाच ओत, पोरी," अता म्हणाले.

शनिवारी हालिदाही जेवायला त्या चटईवरच होती, दातांवरून सगळ्यांना हसवत.

तुमच्याही घरी दुपारचं एकटं जेवणारं कोणी असेल. तुमच्या मागे त्यांचे किती प्याले विसळायला पडतात, हे आज जरा बघून या.