खेचर की डबी

त्या दिवशी दुपारी आमच्या दुकानात तीन कॅमेरे लोकरीच्या नमद्यावर ओळीने मांडलेले होते, आणि बाबा नेहमीसारखे मला विचारत होते, "बोल बेर्मेत, या वर्षी कुणाला नेऊ?"

दर जूनमध्ये हे व्हायचं. नारीन शहराच्या बाजारामागे आमचं फोटोचं दुकान. वर्षभर बाबा लग्नांचे आणि ओळखपत्रांचे फोटो काढायचे, आणि जून लागला की सोंगकोल तलावाकाठी, वरच्या कुरणांत, मेंढपाळांकडे जायचे. गेल्या वर्षीचे फोटो द्यायचे, या वर्षीचे काढायचे. एकटेच, सोबत एकच कॅमेरा. दोन असले की माणूस समोरचं बघायचं सोडून हातातलंच बघत बसतो, असं त्यांचं म्हणणं. तो एक कुठला, हे ठरवायचा मान लहानपणापासून माझा. राजधानीत, बिश्केकच्या ग्रंथालयात नोकरी लागल्यावरही मी तेवढ्यासाठी रजा काढून यायची.

दर वर्षी मी 'खेचर' म्हणायची. खेचर म्हणजे बाबांचा जुना सोव्हिएत कॅमेरा — काळा, लोखंडासारखा जड, बटण दाबलं की खाट् करून ओरडणारा. त्या दिवशी मात्र मी म्हटलं, "डबी न्या."

डबी म्हणजे मी पहिल्या पगारातून आणलेला छोटा डिजिटल कॅमेरा. खिशात मावणारा.

"हिला आवाज कुठाय?" बाबा म्हणाले.

"वजन पण नाही. तुम्हाला जिना चढताना दम लागतो, बाबा."

"जिना चढताना लागतो. घोड्यावर बसल्यावर घोड्याला लागतो."

तेवढ्यात बाहेर गारा सुरू झाल्या. पत्र्यावर असा ताशा वाजला की पुढचं काही ऐकूच येईना. दार ढकलून एक उंच माणूस आत आला. टोपीच्या काठावर गारा साचलेल्या, हातात औषधांची पेटी.

"फोटो काढायचाय?" मी विचारलं.

"नाही... गारा चुकवायच्यात." मग माझ्याकडे बघून तो जरा गडबडला. "पण फुकट चुकवणं बरं दिसत नाही. काढा. पासपोर्टसाठी."

"कुठं जायचंय?"

"ते अजून ठरलं नाही."

बाबा हसले. त्याला चहा दिला, बोर्सोकच्या तळलेल्या गोळ्यांची थाळी पुढे सरकवली. तिलेक त्याचं नाव. जनावरांचा डॉक्टर. तोही मेंढ्यांना लस टोचायला वर जायच्या तयारीत होता.

"मग तूच सांग रे पोरा," बाबा म्हणाले, "वर नेताना यातला कुठला नेशील?"

त्याने सरळ खेचर उचललं.

"जड आहे ते," मी म्हटलं.

"मेंढी याहून जड असते."

"मेंढी गळ्यात अडकवून फिरता वाटतं?"

"फिरतो की. दर वसंतात. आणि ती लाथाही मारते." त्याने खेचर हलकेच खाली ठेवलं. "हे तसं गुणी दिसतंय. तुमच्यापेक्षा..." वाक्य त्याने बोर्सोकबरोबर गिळलं.

"माझ्यापेक्षा काय?"

"तुमच्यापेक्षा लहान आहे, म्हणत होतो."

बाबांनी कुणाकडेही न बघता चहाचा लांब घोट घेतला. तो घोट मला अजून ऐकू येतो.

गारा थांबल्या, तो गेला. संध्याकाळी बाबांनी मुकाट्याने डबीची बॅटरी चार्जिंगला लावली. मी मनात म्हटलं, चला, एकदाचं ऐकलं माझं. सकाळी चहा घेऊन गेले तेव्हा ते झोपेतच गेलेले होते. डबीचा हिरवा दिवा खिडकीत तसाच लागलेला.

*

आमच्याकडे माणूस गेला की अंगणात युर्ता, लोकरीचा गोल तंबू, उभा राहतो. आत घरच्या बायका भिंतीकडे तोंड करून बसतात आणि आवाज काढून गेलेल्याला हाक घालतात — त्याचं नाव घेऊन, तो कसा होता ते सांगत, रडत, गात. पहिली हाक लेकीची. पुस्तकं मी खूप वाचली होती, त्यामुळे शब्द सुचायला हवे होते. सुचलेही. पण मी ते मनातच म्हणत राहिले.

गुलसून आत्याने माझ्या दंडाला चिमटा काढला. "हाक घाल गं. लेकीने हाक घातल्याशिवाय त्याचा पाय निघायचा नाही."

मी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. शेवटी आत्यानेच सुरुवात केली, आणि माझ्या पाठीमागे बायकांची कुजबुज सुरू झाली ती दफन होईपर्यंत थांबली नाही. अंगणात पुरुषांच्या गर्दीत तिलेक पाण्याच्या बादल्या वाहत होता. एकदा आमची नजरानजर झाली. त्याने लगेच खाली बघितलं. बरं वाटलं मला. बाकी सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी बिश्केकला परतले नाही. दुकान उघडून बसू लागले. दोन आठवड्यांनी तिलेक आला. "पासपोर्टसाठी फोटो हवाय."

"मागचे?"

"हरवले."

पुढच्या वेळी आला तेव्हा म्हणाला, मागच्यात डोळे मिटलेत. मिटले नव्हते. मी दिवे लावले, त्याला स्टुलावर बसवलं आणि डबीने फोटो काढला. हनुवटी वर करायला सांगताना माझा हात त्याच्या गालापर्यंत गेला आणि... परत आला. तो श्वास रोखून बसला होता.

"झाला?" त्याने विचारलं.

"केव्हाच."

चाळीसाव्या दिवसाचं जेवण झालं आणि आत्याने गेल्या वर्षीच्या फोटोंची पाकिटं माझ्या मांडीवर आणून ठेवली. "हे वर कोण देणार? तिथं लोक वाट बघत असतील. तिलेक निघालाय जीप घेऊन. जा त्याच्याबरोबर. आणि या वर्षीचे काढून आण."

मला वर जायची भीती वाटत होती ती फोटोंची नव्हे. कुरणातले लोक दफनाला येऊ शकले नव्हते. असानकुलची लेक आली म्हटल्यावर तिथल्या बायका रिवाजाप्रमाणे माझ्यासाठी बाबांना हाक घालणार, आणि मी त्यात आवाज मिसळायचा. पुन्हा तेच. पुन्हा सगळ्यांच्या नजरा. या वेळी आवाज आला नाही तर तो कधीच येणार नाही, हे मला पक्कं कळत होतं.

निघताना तिलेक दुकानाच्या दारात उभा राहिला. "कॅमेरा कुठला घेताय?"

"डबी."

"खेचर घ्या."

"नको."

"तिथल्या लोकांना त्याची सवय—"

"तुम्हाला काय करायचंय?" मी म्हटलं. फारच जोरात म्हटलं. खेचराच्या पट्ट्याला बाबांच्या मानेचा वास होता. ते या माणसाला सांगण्याइतकी आमची ओळख नव्हती... किंवा होती, म्हणूनच सांगवेना.

त्याने जीप सुरू केली. घाट चढताना धुकं इतकं दाट होतं की वळण आलं की जीपचं नाक दिसेनासं व्हायचं. त्याने एकदाच विचारलं, "थंडी वाजतेय?" मी नाही म्हटलं. वाजत होती. पुढच्या वळणावर त्याने एका हाताने कोट काढला आणि आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला, जणू तो कोट स्वतःच तिथं येऊन बसला असावा. बऱ्याच वेळाने मी तो ओढून घेतला.

*

बाबांच्या फोटोंत दर वर्षी मध्ये बसणाऱ्या तुर्सुन आजीच्या युर्ताबाहेर माणसं आधीच जमली होती. मी जीपमधून उतरले तशा बायका आत गेल्या, भिंतीकडे वळून बसल्या, आणि आजीने हाक घातली. "डोंगर चढून येणाऱ्या असानकुला, आमची लेकरं तुझ्या कागदावर मोठी झाली रे..." तिच्या आवाजात बाकीच्यांचे आवाज मिसळले. मी त्यांच्यात बसले. गुडघ्यांवर मुठी. आवाज चढला, उतरला, माझ्यासाठी जागा सोडून थांबला...

ती जागा तशीच राहिली.

आजीने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने तोंड पुसलं. माझ्याकडे नीट बघितलं, रागाने नव्हे. "बरं," ती म्हणाली. "आधी फोटो काढू."

मी पाकिटं वाटली. लोक युर्तासमोर ओळीने बसले, दर वर्षीच्या फोटोंतल्याच जागी. पोरांचे केस ओले करून चापून बसवलेले. मी डबी डोळ्यासमोर धरली, बटण दाबलं.

"झालं."

कुणी हललं नाही.

"आजी, झालं. काढला."

"केव्हा?"

"आत्ता."

"मला तर काही कळलं नाही. पुन्हा काढ."

पुन्हा काढला. पुन्हा कुणाला कळलं नाही. कुणी आधीच मान वळवली, कुणी उशिरा हसलं, एक पोर उठून कोकरामागे पळालं. मी स्क्रीन दाखवायला पुढे गेले तर आजी म्हणाली, "मला नको दाखवू. मी कशी दिसते मला ठाऊक आहे. तुझा बाप श्वास धरा म्हणायचा. मग ते त्याचं यंत्र खाट् करायचं आणि आम्ही सोडायचो. हिच्यापुढे सोडायचा कधी? असेच धरून मरायचं का?"

सगळे हसले. मीही हसायला हवं होतं. फोटोही जमणार नव्हता. मी इथं पाकिटं टाकून जाणारी पोस्टमन तेवढी झाले होते.

तिलेक जीपकडे गेला. लशींच्या पेटीशेजारून लोकरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला, आणि गुंडाळी उलगडायच्या आधीच मला कळलं.

"कुणाला विचारून आणलंत?"

"आत्यांना."

"मला?"

"तुला विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलंच नाहीत?"

"हो." त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्याने नजर हटवली नाही. "रागव. उद्यापासून बोलू नकोस. पण आत्ता हातात घे. मला तुला असं रिकाम्या हाती उभं राहिलेलं बघवत नाही."

सगळं कुरण ऐकत होतं. कोकरू पकडून आणलेलं पोरगंसुद्धा.

मी खेचर घेतलं. पट्टा गळ्यात घातला. वास तोच होता. फिल्म पुढे सरकवायची कळ ओढली तर ती घट्ट लागली — आत रीळ होतं.

"रीळ तुम्ही भरलंत?"

"मला कुठं येतं?"

म्हणजे त्या संध्याकाळी बाबांनी माझं मन राखायला डबी चार्जिंगला लावली होती, आणि रीळ खेचरात भरलं होतं. मला हसू आलं. चाळीस दिवसांत पहिल्यांदा. लबाड म्हातारा.

"श्वास धरा," मी म्हटलं.

सगळ्यांनी धरला. तलावावरून वारा आला, बायकांचे पांढरे रुमाल फडफडले, माणसं मात्र दगडासारखी स्थिर. भिंगातून ती मला बाबांना दिसायची तशी दिसली — माझ्याकडे विश्वासाने बघणारी, माझ्यासाठी थांबलेली.

खाट्.

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. मीही. माझ्या छातीतून तो असा निघाला की मला मागे सरकावं लागलं, आणि पाठीमागे तिलेकचा हात होता. त्याने तो टेकवला नव्हता. नुसता धरून ठेवला होता, लागला तर.

मी वळून खेचर त्याच्यावर रोखलं. "उभा राहा नीट."

"पासपोर्टसाठी?"

"कुठं जायचं ते ठरलं का?"

"त्या गारांच्या दिवशीच ठरलं होतं," तो म्हणाला. "तू जाशील तिथं."

"मी दर जूनमध्ये इथंच येणार आहे."

"मग फोटो सगळे वायाच गेले की... इथं यायला पासपोर्ट लागत नाही."

खाट्.

तुर्सुन आजी युर्तात गेली. तिच्यामागून बायका गेल्या. आजीने भिंतीजवळची पहिली जागा मोकळी ठेवली होती. मी तिथं बसले, खेचर मांडीवर घेतलं, लोकरीच्या भिंतीकडे तोंड केलं. बाहेर तिलेकने पोरांना गप्प केल्याचं ऐकू आलं.

आवाज फाटका निघाला. पण निघाला.

"बाबा... माझ्या असानकुल बाबा... दर जूनमध्ये तुम्ही मला विचारलंत, कुणाला नेऊ. मी डबी म्हटलं, मी खेचर म्हटलं. दर वर्षी जिभेवर दुसरंच होतं. बाबा, मला न्या. कॅमेरा कुठलाही घ्या... बरोबर मला न्या."