तुम्ही पुढे व्हा

भुताच्या गोष्टीला लोकांना रात्र लागते. माझ्या गोष्टीत रात्र नाही.

जे घडलं ते भर दुपारी, लख्ख उन्हात घडलं. मी तिथे होते. त्या मुलीची कंबर माझ्या दोन्ही हातांत होती. तेव्हा "खरं का हो?" असं मला कुणी विचारू नका.

जुलै १९७४. इटलीतलं नापोली शहर. सानिता भागातल्या एका चढाच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन्ना ब्रिजिदाचं घर.

मी साताऱ्याची निर्मला. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून शिकायला गेले आणि तिथलीच होऊन राहिले. आता पंचाहत्तरी उलटली, तरी ते घर डोळ्यांसमोरून हलत नाही. पाव घ्यायला गॅलरीतून दोरीनं खाली सोडायची ती टोपली. मटार घातलेल्या पास्त्याचा वास. स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगलेला पिंजरा, आणि त्यात दिवसभर गळा फोडून गाणारा मूठभर पक्षी. आदल्याच वर्षी शहरात कॉलरा येऊन गेला होता, म्हणून दोन्ना ब्रिजिदा प्रत्येक गोष्टीवर लिंबू पिळायची. एकदा तर माझ्या चहात पिळलं.

ती विधवा होती. दोन खोल्या विद्यार्थिनींना द्यायची. एकीत मी. दुसरीत फरंगीस. ती इराणची, शिराझची. आर्किटेक्चर शिकत होती.

आमची नावं दोन्ना ब्रिजिदाला कधीच जमली नाहीत.

"ही काय नावं आहेत? तू मिरेल्ला आणि ती फ्रांचेस्का. संपलं!"

"मग तुम्ही आजपासून बतूल," फरंगीस म्हणायची.

"बतूल असेल तुझी सासू!"

"सासू नकोय म्हणून तर इथे आलेय."

हे ती हसत म्हणायची, पण ते खरं होतं. वडिलांनी तिला एकच वर्ष दिलं होतं. उन्हाळ्यातली परीक्षा पास झाली तर पुढे शिकायचं. नापास झाली तर परत जाऊन चुलतभावाशी लग्न. त्या चुलतभावानं तिला लहानपणी जिन्यावरून ढकललं होतं. त्याच्या हाताला ती तेव्हाही घाबरायची.

आता त्या घरातली एक गोष्ट सांगते.

तिकडे कुणाच्याही घरी जाताना, दार सताड उघडं असलं तरी, माणूस उंबऱ्याबाहेर थांबून विचारतो, "पेरमेस्सो?" म्हणजे, येऊ का? आतून उत्तर येतं, "अवान्ती!" म्हणजे, या.

दोन्ना ब्रिजिदाच्या घरात हे उत्तर द्यायला मनाई होती.

शेजारीण असो, पाद्री असो, ती आतून "कोण?" असं ओरडायची. हातातलं काम टाकून दाराशी जायची. माणूस नीट बघायची. मग त्याला दंडाला धरून आत आणायची.

"दारातल्या माणसाला 'कोण?' विचारायचं?" फरंगीसला हे पटतच नसे. "माझ्या आईनं ऐकलं तर अंथरूण धरेल. आमच्याकडे चोर आला तरी आधी 'या, बसा' म्हणतात."

"म्हणून तुमच्याकडचे चोर गुबगुबीत असतील." मग दोन्ना ब्रिजिदा एकदम गंभीर झाली. "हे बघ फ्रांचेस्का, माझ्या घरात तो शब्द नाही. का, ते विचारू नको."

आम्ही विचारलं नाही. म्हातारीची लहर, एवढंच समजलो.

तो दिवस आला तेव्हा परीक्षा दोन दिवसांवर होती.

जेवणं झाली. दक्षिणेकडे जेवणानंतरच्या त्या वेळेला कोंत्रोरा म्हणतात. उलटी वेळ. दुकानं बंद, खिडक्या बंद, अख्खी गल्ली झोपलेली. दोन्ना ब्रिजिदा आपल्या खोलीत घोरत होती. मी माझ्या खाटेवर पडले होते. वारा यावा म्हणून बाहेरचं दार खुर्ची लावून उघडं ठेवलं होतं.

फरंगीस एकटी जागी होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोठा कागद पसरून ती एका चर्चचा नकाशा काढत होती. कागदावरून सरकणाऱ्या तिच्या पट्टीचा आवाज मला ऐकू येत होता.

पट्टीचा आवाज... आणि पक्ष्याचं गाणं.

मग गाणं थांबलं.

अर्ध्यावरच. जणू कुणी त्याच्या तोंडावर बोट ठेवलं.

जिन्यात पावलं वाजली. सावकाश. जड बुटांची. ती आमच्या दाराशी येऊन थांबली.

"पेरमेस्सो?"

पुरुषाचा आवाज. अगदी मऊ. टोपी हातात घेऊन बोलावं तसा.

मी पडल्या पडल्या दोन्ना ब्रिजिदाच्या "कोण?"ची वाट पाहिली. ती घोरतच होती.

"पेरमेस्सो?"

आणि मग स्वयंपाकघरातून फरंगीसचा गोड आवाज आला. नकाशात बुडालेल्या, मान वर न करता बोलणाऱ्या माणसाचा आवाज.

"अवान्ती, अवान्ती! या ना!"

एकदा नाही. दोनदा म्हणाली.

त्यानंतर... काहीच नाही.

खुर्ची सरकली नाही. पावलं आत आली नाहीत. फक्त वास आला. नुकत्याच कमावलेल्या कातड्याचा वास. इतका दाट, की जिभेवर चव यावी.

"आपण कोण?" फरंगीस विचारत होती. "नाही हो... मी अमालिया नाही."

मग कपाळ लाकडावर आपटल्याचा आवाज.

मी धावले.

फरंगीस टेबलावर पालथी होती. तिची वेणी हवेत ताठ उभी होती. कुणी मुठीत धरावी तशी. पण मूठ नव्हती. तिथे कुणीच नव्हतं. वेणीला हिसका बसला, तिची मान मागे आली, आणि तोंड पुन्हा टेबलावर आदळलं. पुन्हा. पुन्हा. तिचं नाक फुटलं. पांढऱ्या कागदावरच्या चर्चवर रक्त पसरलं. शाई कुठली आणि रक्त कुठलं, कळेना.

मी तिच्या कमरेला मिठी मारली आणि मागे ओढलं. भिंत ओढावी तसं वाटलं.

मग तिचा उजवा हात टेबलावर पसरला गेला. तळवा खाली. बोटं एकेक करून वेगळी केली गेली. अगदी शांतपणे. कामाची सवय असलेल्या माणसानं करावं तसं. आधी करंगळी. ती ओढली गेली... ताणली गेली... आणि कट्कन वाजली. मग तिच्या शेजारचं बोट.

ती किंचाळत होती. माझ्या कानाशी. तो आवाज अजून माझ्या उजव्या कानात आहे.

आणि मग मनगटावर रेघ उमटली. केसाएवढी बारीक. पाती दिसत नव्हती, पण रेघ पुढे सरकत होती. मनगटाच्या सगळ्या बाजूंनी, गोल. हातमोज्याचं तोंड असतं ना, अगदी तिथून. रेघेच्या पुढची कातडी बोटांच्या दिशेनं किंचित हलली...

"फेर्दिनांदो!"

दोन्ना ब्रिजिदा दारात उभी होती. अनवाणी, केस मोकळे, हातात तांब्याचं जड पातेलं.

"सोड तिला, नरकातल्या किड्या! ती अमालिया नाही! अमालियाला तूच मातीत घातलंस! ये, मला धर! म्हातारीला धर!"

तिनं पातेलं हवेत हाणलं. ते कशावर तरी अडलं. एक क्षण तसंच तरंगलं. मग उलटं फिरून तिच्याच तोंडावर बसलं. ती भिंतीला आपटून खाली घसरली. दातांसकट रक्त थुंकली आणि तरी ओरडतच राहिली.

"फ्रांचेस्का! तू आत घेतलंस, तूच घालव! माझं नाही ऐकायचा तो! जा म्हण त्याला! जा म्हण!"

फरंगीसचे ओठ फाटले होते. तिनं मान कशीबशी वळवली आणि रिकाम्या हवेकडे बघून काहीतरी म्हणाली. आपल्या भाषेत. हळू, नम्रपणे. उंबऱ्यापर्यंत सोडायला गेलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं.

वेणी सैल पडली.

मी आणि ती, दोघी मागच्या मागे फरशीवर कोसळलो. जिन्यात तीच जड पावलं उतरत गेली. सावकाश. घाई नव्हती त्यांना.

इस्पितळात डॉक्टरनं मनगट सगळीकडून फिरवून बघितलं.

"इतकं सफाईनं कुणी कापलं हे?"

"काच लागली," दोन्ना ब्रिजिदा फुटक्या तोंडानं म्हणाली.

"सगळीकडून?"

"आमच्याकडे काच तशीच लागते, डॉक्टरसाहेब. तुम्ही शिवा."

त्या संध्याकाळी इस्पितळाच्या बाकावर तिनं आम्हाला सांगितलं. अमालिया तिची धाकटी बहीण. अमालियाचा नवरा फेर्दिनांदो हातमोज्यांचं कातडं बेतायचा. सानितात तेव्हा घरोघर हातमोजे शिवायचे, पण त्याच्यासारखं कातडं ताणणारा दुसरा नव्हता. अमालियाला मारायचा. म्हणून ती पळून माहेरी, त्याच घरात, आली. एका दुपारी तो तिला न्यायला आला. दारात उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "पेरमेस्सो?"

"आमच्या आईनं झोपेतच उत्तर दिलं," दोन्ना ब्रिजिदा म्हणाली. "सवयीनं. तोंडातून गेलं. त्यानं बेतायची कात्री आणली होती. आधी तिचे हात... राहू दे. पुढे तो तुरुंगात गळफास लावून मेला. तेव्हापासून उन्हाळ्यात येतो. येऊन जिन्यात उभा राहतो. पण बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही. शिष्टाचाराचा पक्का आहे मेला!"

परीक्षा फरंगीसनं डाव्या हातानं दिली. नाकाला पट्टी, उजवा हात गळ्यात. मी म्हटलं, अगं, पुढच्या वेळी दे. तर म्हणाली, "हात गेला तरी चालेल, निर्मला. मी परत जाणार नाही." रेघा वाकड्यातिकड्या आल्या. पण पास झाली.

निकालाच्या दिवशी आम्ही तिघी गॅलरीत कॉफी घेत बसलो होतो. सगळ्या खूश होतो. पक्षी तेवढा गप्प होता. तो पुन्हा कधीच गायला नाही.

"फरंगीस, तू त्याला काय म्हणालीस गं?" मी विचारलं.

"बेफरमाईद."

"म्हणजे जा?"

"छे! पाहुण्याला 'जा' कसं म्हणायचं? शब्दच येईना तोंडात." ती हसली. "दारातून निघताना म्हणतो ना, तसं म्हणाले. तुम्ही पुढे व्हा."

"एवढंच?"

"तुम्ही पुढे व्हा, मी आलेच."

मीही हसले. आपणही निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. मला त्यात वावगं काही वाटलंच नाही.

दोन्ना ब्रिजिदा हसली नाही. तिनं कप खाली ठेवला आणि फरंगीसच्या मनगटावर आपला हात झाकून ठेवला. बराच वेळ.

पुढे फरंगीस जेनोवाला गेली. तिथे नोकरी, लग्न, दारिया नावाची मुलगी. मनगटाभोवतीची रेघ तशीच राहिली, बारीक बांगडीसारखी. ती आयुष्यात कधी हातमोजे घालायची नाही. बर्फ पडला तरी हात खिशात.

दरवर्षी वसंताच्या पहिल्या दिवशी, त्यांच्या नववर्षाला, मी तिला फोन करायचे. तिनं उचलला की म्हणायचे, "पेरमेस्सो?"

ती ओरडायची, "कोण?"

मग आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचो. जवळजवळ पन्नास वर्षं हा आमचा खेळ चालला.

यंदा फोन वाजत राहिला.

दुसऱ्या दिवशी दारियाचा फोन आला. म्हणाली, आई दुपारी जेवून आडवी झाली होती. मी आले तेव्हा बाहेरचं दार उघडं होतं. आई दाराजवळच्या खुर्चीत बसलेली. बाहेर निघायच्या तयारीत असावी तशी, पायांत बूट. पण गेलेली.

"निर्मलामावशी," ती म्हणाली, "आईच्या उजव्या हातात हातमोजा होता. पांढरा. फार सुंदर शिवलेला. तिच्याकडे असला हातमोजा नव्हताच. आम्ही तो काढायला गेलो, तर... मावशी, तो हातमोजा बरोबर त्या रेघेपासून सुरू होत होता. ते कातडं..."

तिनं फोन ठेवला.

गेल्या आठवड्यात मी जेवून सोफ्यावर पडले होते. दुपारची वेळ. गल्ली झोपलेली. दार बंद होतं. दोन्ना ब्रिजिदाकडून घेतलेली सवय, मी ते कधीच उघडं ठेवत नाही.

बाहेर पावलं थांबली.

"पेरमेस्सो?"

आवाज फरंगीसचा होता. पहिल्या अक्षरावर रेंगाळायची ती, शेवटपर्यंत सुधारली नाही. अगदी तसाच.

"कोण?" माझ्या तोंडून गेलं.

यावर ती हसायला हवी होती.

"निर्मला... येऊ का गं?"

मी उठले. तिला दंडाला धरून आत आणायला निघाले. हात कडीपर्यंत गेला. आणि दाराच्या फटीतून वास आला...

नुकत्याच कमावलेल्या कातड्याचा.

ती एकटी आलेली नव्हती.

तेव्हापासून रोज दुपारी येते. रोज विचारते. मी कडीला हात न लावता दाराच्या आत बसून राहते. अलीकडे तिचा आवाज थकल्यासारखा येतो. हात दुखतोय म्हणते.

आणि खरं सांगू? तिला असं दारात ताटकळत ठेवणं आता माझ्याच्यानं होत नाही.