गिटारीची हरवलेली खरखर

"वस्तू कधीही खोटं बोलत नाही, मास्तर. खोटं बोलतो तो माणूस," चौकसरावांनी जाहीर केलं. आपली तीस वर्षांची गुप्तहेरी या एका सिद्धांतावर उभी आहे, असंही त्यांनी वर जोडलं.

मास्तरांनी आदराने मान डोलावली आणि मनगटावरचं घड्याळ पाहिलं. त्यात पावणेबारा वाजले होते. खिडकीबाहेर अजून दहाही वाजले नव्हते.

भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर चौकसरावांचे मदतनीस होते. म्हणजे पिशवी धरायचे आणि चुकीचे तर्क काढायचे. घड्याळ सासऱ्यांनी दिलेलं असल्याने बदलायची सोय नव्हती.

तेवढ्यात अशील आली. पस्तिशीतली, खांद्याला इलेक्ट्रिक गिटार. वाजवणं हाच तिचा पोटापाण्याचा धंदा. टेबलाच्या पार त्या टोकाला बसता बसता ती मास्तरांना म्हणाली, "तुमच्या घड्याळाचा एक ठोका लंगडतोय." मास्तरांनी निमूटपणे हात खिशात घातला.

"माझी गिटार चोरीला गेली आहे," तिने चौकसरावांना सांगितलं.

मास्तरांनी तिच्या मांडीवरच्या गिटारीकडे पाहिलं आणि सभ्यपणे नजर छताकडे वळवली.

ही नक्कल आहे, असं तिचं म्हणणं. पोचे तेच, उडालेला रंगही तोच. पण दोन आठवड्यांपासून आवाजातली झळाळी गेलेली, जणू स्पीकरवर कोणी जाड रजई टाकली आहे. शिवाय तिच्या गिटारीचं आवाजाचं बटण फिरवलं की वर्षानुवर्षं खरखर व्हायची. हिचं लोण्यासारखं फिरतं. शनिवारी रेकॉर्डिंग होतं, आणि या आवाजात ते करणं म्हणजे नाव घालवणं.

चौकसरावांनी गिटार उलटी केली. मागच्या झाकणाला चार स्क्रू होते. चारही खाचा उभ्या, शाळेच्या प्रार्थनेला उभं राहावं तशा.

"दुरुस्तीवाल्याला दाखवलीत?"

ती घुटमळली. तीन आठवड्यांपूर्वी गिटार त्याच्याकडे दोन दिवस होती, पण आवाज बिघडल्यावर दाखवली नव्हती. वेळ नाही मिळाला, म्हणाली. ते दुकान तिच्याच गल्लीत होतं. चौकसरावांकडे यायला तिला दोन बस लागल्या होत्या.

दुरुस्तीवाल्या कारागिराच्या दुकानात गिटारी पोट फाडून पडल्या होत्या. आत तारा जोडणारा डाख मेणबत्तीच्या ओघळांसारखा साचला होता आणि झाकणांचे स्क्रू चार दिशांना तोंडं करून बसले होते. आपण फक्त समोरचे, दांडीवरचे पट्टे घासले, मागे हात लावला नाही, असं तो म्हणाला. खरखर घालवतो म्हणून त्याने दहादा विचारलं होतं, पण ती म्हणायची, राहू दे, ओळखीची आहे.

मग ड्रमवाला. सरावाच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे असे. आवाजात फरक जाणवला का, असं विचारल्यावर तो खिन्नपणे म्हणाला, "मी तिच्या मागे बसून बडवत असतो. मला माझंच ऐकू येत नाही."

शेवटी अशिलाचं घर. तिथे ती आणि तिची आई दोघीच. भिंतीवर दिवंगत वडिलांचा फोटो, कानामागे ऐकण्याचं यंत्र. आई रेडिओच्या कारखान्यात बत्तीस वर्षं डाख देऊन निवृत्त झालेल्या. सुटे भाग समोर येतील तसे जोडायचे, त्यांवरचे आकडे तपासायला पलीकडे वेगळं टेबल असे, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. कोपऱ्यातला जुनापुराणा रेडिओ त्यांनी हलक्या हाताने बंद केला. बटणाचा आवाजसुद्धा आला नाही. मास्तरांनी पंखा लावला आणि उगाचच त्यांच्या मनात आलं, या घरच्या स्विचबोर्डाचे स्क्रू किती शिस्तीत आहेत.

"गिटार हिच्याशिवाय कोणी घराबाहेर नेली नाही, शपथेवर सांगते," आई म्हणाल्या. मग मुलीकडे वळून, "पण खरखर थांबली ना गं?" हे त्यांनी दोनदा विचारलं.

चौकसरावांनी कारागिराला बोलावून घेतलं. येताना एक सामान आण, असंही कानात सांगितलं.

"मास्तर, तुमचा तर्क?"

"ड्रमवाला."

"छान. म्हणजे तो सुटला." चौकसरावांनी गिटारीचं झाकण उघडलं. "नक्कल करणारा चोर पोचे हुबेहूब उठवेल, पण खरखर दुरुस्त करून देणार नाही. तेव्हा गिटार हीच, फक्त आत कोणीतरी हात घातलाय. आतला डाख बघा, आरशासारखा. हे या कारागिराचं काम नव्हे."

कारागिराने मान्य केलं, नाइलाजच होता.

"आणि स्क्रू एका रेषेत. अगदी या घराच्या स्विचबोर्डासारखे."

मास्तरांनी स्विचबोर्ड पुन्हा पाहिला. आईंनी पदर सावरला.

"बटणाखालच्या या वाटोळ्या भागाला पॉट म्हणतात. तारांचा सिग्नल नाजूक. त्याला इथे पाच लाख ओहमचा अडथळा लागतो. हा रेडिओतला आहे, पन्नास हजारांचा. अडथळा कमी पडला की सिग्नल बाजूने गळतो, आणि आधी जाते ती उंच स्वरांची झळाळी. जोडणी निर्दोष आहे. चुकला तो आकडा, कारण तो बघणारं टेबल या घरात नव्हतं."

"शनिवारी एवढं मोठं काम," आई हळूच म्हणाल्या, "त्यात ती खरखर नको म्हणून केलं. मग ही म्हणाली चोरी झाली. चोरी तर मी केली नव्हती."

चौकसराव मुलीसमोर खाली बसले आणि त्यांचा आवाज उतरला.

"गल्लीतलं दुकान सोडून तुम्ही दोन बस बदलून आलात. कारागीर म्हणाला असता की गिटार ठणठणीत आहे, तर उरले असते फक्त तुमचे कान. त्यापेक्षा चोर परवडला."

तिने फोटोकडे पाहिलं. "बाबांचेही आधी उंच स्वरच गेले. तेव्हा ते माझ्याच वयाचे होते."

"टेबलाच्या त्या टोकावरून ज्यांना मास्तरांचं घड्याळ लंगडताना ऐकू येतं, त्यांच्या कानांना काय धाड भरलीय?"

ती हसायला लागली आणि हसता हसता तिने तोंड आईच्या खांद्यात लपवलं. "वेडी आहेस," आई म्हणाल्या, "मला विचारायचंस तरी." त्यांचेही डोळे भरले होते.

कारागिराने नवा पॉट आणि डाख द्यायची कावी काढली. आईंनी त्याच्या हातातून कावी काढून घेतली.

"आकडा तू वाच," त्या मुलीला म्हणाल्या.

"पाचशे के. म्हणजे पाच लाख."

"नीट वाच."

"पाच लाख, आई."

दहा मिनिटांत झाकण बसलं, चारही खाचा उभ्या. तिने एक तार छेडली आणि खोलीत लख्ख उजेड पडावा तसा आवाज उमटला. कारागिराने टोपी काढली. चौकसराव छाती पुढे काढून उभे राहिले. "म्हणूनच मी म्हणतो, मास्तर, वस्तू कधीही..."

तिने तारांवर हात ठेवला. "काका, एक मिनिट. मास्तर, रागावू नका, पण तुमचं घड्याळ तेवढं बाहेरच्या खोलीत ठेवता का?"