अर्धं संत्रं

मी जिना चढत होते, तेवढ्यात मागून हाक आली.

"तुम्हीच वर स्पॅनिश शिकवता ना? एक मिनिट... माझ्या पेशंटसाठी विचारायचंय."

खालच्या मजल्यावरचे फिजिओथेरपिस्ट होते ते. त्यांच्याकडे येणारे एक आजोबा पक्षाघातानंतर बाकी साऱ्या भाषा विसरले होते. उरली होती फक्त परदेशात गेलेल्या लहानपणची स्पॅनिश.

"आज ते सारखे म्हणत होते, 'मेती ला पाता'. कोशात पाहिलं, तर 'पाय आत घातला'. मग मी अर्धा तास त्यांचा पाय चोळत बसलो."

मला हसू आवरेना. "अहो, त्याचा अर्थ, घोटाळा केला मी, चुकलं माझं."

"म्हणजे..." त्यांचे कान लाल झाले. "सकाळी त्यांनी माझ्या अंगावर पाणी सांडलं होतं. बिचारे माफी मागत होते."

दुसऱ्या दिवशी ते माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसले. वर्ग सुटला की रोज एक नवा वाक्प्रचार मागायचे. 'केस घेणं' म्हणजे फिरकी घेणं. 'ढगांत असणं' म्हणजे लक्ष नसणं.

"मग तुमच्या वर्गात मी ढगांतच असतो," ते म्हणाले. मी उगीचच पुसलेला फळा पुन्हा पुसला.

"आणि 'भोपळा देणं'?"

"मागणी घालणाऱ्याला नाही म्हणणं. परीक्षेत नापास करणंही."

"म्हणजे मला दोन्हीकडून धोका."

तीन महिन्यांत आजोबा काठी टेकत चालू लागले आणि लेकीकडे जायला निघाले. मला आनंद झाला, पण... आता त्यांचे फिजिओथेरपिस्ट कशाला शिकायला येतील? त्या संध्याकाळी शेवटचा बाक रिकामाच होता. शिकवताना मी दोनदा अडखळले.

वर्ग सुटल्यावर ते धापा टाकत दारात उभे राहिले. आजोबांना गाडीत बसवून आले होते.

"निघताना त्यांनी विचारलं, तुझं अर्धं संत्रं कुठंय? मी म्हटलं... वरच्या मजल्यावर."

अर्धं संत्रं म्हणजे जन्माचा जोडीदार. माझ्या हातातला खडू खाली पडला.

"अर्थ ठाऊक आहे तुम्हाला?"

"आहे. म्हणून तर धावत आलो."

"मग चल, आजोबांना फोन लाव."

फोन लागला. मी भरभर स्पॅनिशमध्ये बोलत सुटले. पलीकडून आजोबांचं खळखळून हसू ऐकू आलं.

"इतकं काय सांगितलंस? मला काहीच कळलं नाही."

"तुझ्यापुरतं एवढंच," मी फोन त्याच्या हातात देत म्हटलं, "हो."